फटक्यातला जोर कुठून येतो?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर, उपनगरातल्या कुठल्याही जिमखान्याच्या वा मोठ्या सोसायटीच्या टेनिस कोर्टाशेजारी सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की एक तक्रार हमखास कानावर येते : ‘सर, शॉटमध्ये जोरच येत नाही.’ तक्रार करणाऱ्यांत बारा वर्षांचा मुलगा असतो, कॉलेजात जाणारी मुलगी असते, पन्नाशीतले गृहस्थही असतात. उत्तरंही ठरलेली असतात. कोणी जिम लावायला सांगतो, कोणी रॅकेट बदलायला. कोणी म्हणतो रॅकेटच्या तारांचं गटिंग ढिलं कर, कोणी म्हणतो मनगट मार. आणि कोर्टाच्या पलीकडून कोच ओरडत असतो, ‘लेट होतोयस, लेट!’

या पाचही उत्तरांत थोडंफार तथ्य आहे, पण पाचांचं वजन सारखं नाही. गेल्या काही दशकांत भौतिकशास्त्र आणि बायोमेकॅनिक्स यांच्या अभ्यासकांनी टेनिसचा फटका अक्षरशः सुटा करून पाहिला आहे. त्यातून जे हाती आलं ते एकत्र मांडलं, तर कोचचं ते एका शब्दाचं ओरडणंच सगळ्यांत मोलाचं ठरतं. मात्र ‘लेट’ म्हणजे नेमकं काय आणि कुठे उशीर झाला, हे सांगितल्याशिवाय खेळाडूला त्याचा उपयोग होत नाही. बहुतेक कोर्टांवर गाडी तिथेच अडते.

चेंडूचा हिशेब

आधी चेंडूकडे पाहू. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. तो रॅकेटच्या तारांवर टेकतो आणि सुटतो, या सगळ्याला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. फटक्याचा हादरा मुठीपर्यंत पोचून आपल्याला जाणवेतो चेंडू तारांवरून निघून गेलेला असतो. त्यामुळे ऐन फटक्याच्या क्षणी मूठ आवळून किंवा हात ढकलून चेंडूत जास्तीची ताकद भरता येत नाही. चेंडू तारांच्या मधोमध बसला असेल, तर मूठ घट्ट होती की सैल याने त्याच्या वेगात फारसा फरक पडत नाही, असं या विषयावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. चेंडू मधोमध न बसता कडेला लागला, तर मात्र घट्ट मुठीची थोडी मदत होते.

मग वेग ठरतो कशावर? रॉड क्रॉस आणि हॉवर्ड ब्रोडी या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी टेनिसवर भरपूर लिहिलं आहे. त्यांच्या मांडणीचं सार असं : चेंडू रॅकेटच्या मधल्या भागात बसला, तर परतणाऱ्या चेंडूच्या वेगात येणाऱ्या चेंडूचा वेग साधारण ०.४ पट आणि रॅकेटचा स्वतःचा वेग साधारण १.४ पट मिसळतो. येणारा चेंडू टप्पा पडून ताशी ६० किलोमीटरवर आला असेल आणि रॅकेटचा तो भाग ताशी ९० किलोमीटरने फिरत असेल, तर २४ अधिक १२६, म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आता रॅकेटचा वेग तोच ठेवा, पण चेंडू टोकाजवळ लागू द्या. तिथे पहिला आकडा ०.२ च्या आसपास आणि दुसरा १.२ च्या आसपास येतो. बेरीज होते १२०. खेळाडूने मेहनत तेवढीच केली, पण चेंडू काही सेंटिमीटर बाजूला लागला आणि ताशी ३० किलोमीटर हातचे गेले.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. रॅकेटच्या डोक्याचा वेग वाढवायला हवा, आणि तो वेग सर्वाधिक असताना चेंडू तारांच्या मध्यावर यायला हवा. पहिली गोष्ट तंत्राची, दुसरी टायमिंगची. रॅकेट ताशी ९० किलोमीटरने फिरत असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात ती २५ सेंटिमीटर पुढे जाते. ‘थोडासा लेट’ या शब्दांचा अर्थ एवढा मोठा आहे.

जमिनीपासून सुरू होणारी साखळी

रॅकेटला वेग देणारा हात असतो, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात हात साखळीची शेवटची कडी आहे. पाय जमिनीला रेटतात, त्या रेट्याने कंबर वळते, कमरेमागून छाती आणि खांदे, मग दंड, मग कोपरापुढचा हात, शेवटी रॅकेट. प्रत्येक भाग आपला वेग गाठून किंचित मंदावतो आणि तेवढ्यात पुढचा भाग त्याच्याहून वेगाने सुटतो. शेतराखणीच्या गोफणीतून दगड लांब जातो तो गोफण फिरवणाऱ्याच्या दंडामुळे कमी आणि दोरी नेमक्या क्षणी सोडल्यामुळे जास्त, तसाच हा प्रकार आहे.

बेन किब्लर या अमेरिकी क्रीडावैद्यकतज्ज्ञाच्या हिशेबानुसार सर्व्हिसमधली जवळपास निम्मी ऊर्जा पाय, कंबर आणि धड यांतून येते. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सर्व्हिसचं पृथक्करण केलं. त्यात चेंडूला लागण्याच्या क्षणी रॅकेटच्या वेगात सर्वांत मोठा वाटा, निम्म्याच्या आसपास, दंड खांद्यात आतल्या बाजूला गर्रकन फिरण्याचा निघाला. त्याखालोखाल मनगट पुढे वाकण्याचा. हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देत नाहीत. दंड एवढ्या वेगाने फिरतो, कारण त्याआधी पाय आणि धड यांनी त्याला मागे ताणून ठेवलेलं असतं. खालची कडी निसटली, की तिची भरपाई खांदा आणि कोपर करू पाहतात. जोर तर येत नाहीच, दुखणं मात्र येतं.

साखळी बिघडली तर काय होतं, याचं जगासमोर आलेलं उदाहरण मुंबईकरांच्या ओळखीचं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर झालेली मुंबई ओपन आरिना सबालेंका हिने जिंकली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिच्या फटक्यांत जोर नाही असं कोणी म्हणणार नाही. तरीही २०२२ च्या मोसमात तिची सर्व्हिस पार कोलमडली आणि वर्षभरात चारशेहून अधिक डबल फॉल्ट झाले. त्यावर जालीम ठरलेला उपाय व्यायामशाळेत सापडला नाही. गॅविन मॅकमिलन या बायोमेकॅनिक्सच्या जाणकाराबरोबर तिने सर्व्हिसची हालचाल नव्याने बसवली आणि जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. जगातल्या मोजक्या ताकदवान खेळाडूंपैकी एकीलाही ताकद वापरण्याचा क्रम पुन्हा शिकावा लागला.

दुसरं उदाहरण रोहन बोपण्णाचं. गुडघ्यांतली कूर्चा झिजल्याचं त्याने स्वतः सांगितलं आहे आणि त्या दुखण्यातून बाहेर पडण्याचं श्रेय तो अय्यंगार योगाला देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर त्याने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी. त्या वयात आणि त्या गुडघ्यांवर मोठी सर्व्हिस टिकते, ती साखळी जागच्या जागी असल्यामुळेच.

एका फोरहँडचा दीड सेकंद

आता फोरहँड जवळून पाहू. क्लबच्या दर्जाच्या रॅलीत समोरच्याने मारलेला चेंडू आपल्यापर्यंत यायला साधारण सव्वा ते दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात काय काय व्हायला हवं?

समोरचा फटका मारतो त्याच क्षणी आपण हलकी उडी घेऊन दोन्ही पायांवर, चवड्यांवर उतरलेलं असायला हवं. ही स्प्लिट स्टेप. चेंडू फोरहँडला आहे की बॅकहँडला, हे कळताच खांदे वळतात आणि डावा हात रॅकेटच्या गळ्याला धरून तिलाही सोबत नेतो. चेंडू जाळीवरून येईपर्यंत हे वळणं पूर्ण झालेलं असावं. टप्पा पडण्याच्या सुमारास बाहेरचा पाय रोवला जातो आणि वजन त्याच्यावर बसतं. टप्प्यानंतर रॅकेटचं डोकं खाली जातं, कंबर उघडते, हात तिच्यामागे ओढला जातो. चेंडू भेटतो तो शरीराच्या पुढे, पुढच्या पायाच्या रेषेत किंवा तिच्याही थोडा पुढे, कंबर ते छाती यांमधल्या उंचीवर. त्या क्षणी डोकं स्थिर आणि नजर चेंडू जिथे भेटला त्या जागेवर. रॉजर फेडररची छायाचित्रं पाहिली तर फटका झाल्यावरही त्याची नजर त्या जागी क्षणभर रेंगाळलेली दिसते.

इथे एका जुन्या वादाचा निकाल लावायला हवा. लाकडी रॅकेटच्या काळापासून जिमखान्यांत शिकवलं गेलं : रॅकेट लवकर मागे न्या, बाजूला वळा, पुढे पाऊल टाका, मारा. आजही अनेक सर हेच सांगतात. ‘लवकर’ हा त्यातला शब्द खरा आहे, पण लवकर वळायचं असतं ते खांद्यांनी. रॅकेट पूर्ण मागे नेऊन तिथे थांबलं, तर स्नायूंचा ताण वाया जातो. ताणलेला स्नायू रबरासारखी ऊर्जा साठवतो आणि लगेच आकुंचन पावला तरच ती परत देतो. एलियट यांच्याच सहभागाने १९९१ मध्ये बेंच प्रेसवर झालेल्या प्रयोगात ताण आणि आकुंचन यांच्यामध्ये सुमारे एक सेकंदाची विश्रांती घेतली, तेव्हा साठलेल्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक फायदा गेला. व्यायामाचा प्रकार वेगळा असला, तरी स्नायूचा स्वभाव तोच आहे. म्हणून रॅकेट मागे धरून चेंडूची वाट पाहत उभा असलेला मुलगा तयारीत दिसतो खरा, पण त्याचा फटका निव्वळ हाताचा होतो.

याउलट, टप्पा पडेपर्यंत समोर तोंड करून उभा राहणारा मुलगा खांदे वळवायलाच उशीर करतो. मग हात एकटाच घाईघाईने येतो, चेंडू शरीराच्या बाजूला किंवा मागे भेटतो आणि मनगटाने तो कसाबसा पलीकडे ढकलला जातो. दोघांच्याही फटक्यात जोर नसतो, पण कारणं अगदी उलट असतात. दोघांनाही ‘जोरात मार’ असं सांगणारा कोच दोघांचंही नुकसान करतो. एकाला सांगायला हवं, ‘थांबू नकोस, स्विंग चालू ठेव’. दुसऱ्याला, ‘खांदे आत्ताच वळव’.

क्रिकेटचा हात, बॅडमिंटनचा हात

आपल्या उपनगरातला मुलगा कोर्टवर कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्या हातात आधीच गल्लीतलं टेनिस बॉल क्रिकेट असतं आणि सोसायटीच्या आवारातलं बॅडमिंटन. या दोन्ही सवयींचा फायदाही होतो आणि तोटाही, म्हणून त्या ओळखून घ्यायला हव्यात.

क्रिकेटमध्ये ‘टायमिंग’ हा शब्द कौतुकाचा. पण तिथे चेंडू डोळ्यांखाली येऊ देणं, उशिरा खेळणं हा गुण मानला जातो. टेनिसमध्ये तोच दोष ठरतो, कारण चेंडू पुढे भेटला नाही तर कमरेचं वळणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला फोरहँड शिकवताना ड्राइव्हची आठवण देऊ नये, पुलची द्यावी. पुल मारताना तो मागचा पाय रोवतो, कंबर फिरवतो आणि हात मोकळे ठेवून चेंडू शरीरापुढे घेतो. फोरहँडची साखळी त्याच्या अंगात आहेच, ती फक्त एका हाताच्या आडव्या स्विंगमध्ये उतरवायची असते.

वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात वाढलेला सचिन तेंडुलकर लहानपणी जॉन मॅकन्रोचा भक्त होता, हे सर्वश्रुत आहे. २००४ मध्ये त्याच्याच कोपराच्या दुखण्यामुळे ‘टेनिस एल्बो’ हा शब्द घराघरांत पोचला. २००५ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या बाबतीत त्याच्या जड बॅटची चर्चा झाली. टेनिसच्या कोर्टवर हे दुखणं बहुतेकदा एकहाती बॅकहँड उशिरा घेण्यातून सुरू होतं. नवशिका खेळाडू चेंडू भेटतेवेळी मनगट आत वाकवून ठेवतो आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ताणून बसतो. कसलेल्या खेळाडूचं मनगट त्या क्षणी मागे वळलेलं आणि स्थिर असतं. चुकलेल्या वेळेची किंमत इथे कोपराला मोजावी लागते.

बॅडमिंटनचं गणित वेगळं. शटल ५ ग्रॅमच्या आसपास, रॅकेट ८५ ग्रॅमच्या आसपास. टेनिसचा चेंडू त्या शटलच्या दहापटीहून जड आणि रॅकेट ३०० ग्रॅमच्या घरात. तिथे हात उशिरा आला तरी शेवटच्या क्षणी मनगट-कोपराच्या झटक्याने शटल मागच्या रेषेपर्यंत पाठवता येतं. तोच झटका टेनिसमध्ये मारला, तर रॅकेटचं तोंड फिरतं आणि चेंडू कुठेही जातो. नाटेकरांच्या घरात हे दोन्ही खेळ नांदले. नंदू नाटेकर ज्युनियर टेनिसमध्ये रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि पुढे बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये मलायातली सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांचा मुलगा गौरव टेनिसकडे गेला आणि १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर त्याने दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. दोन्ही खेळांना लागणारी नजर आणि हाताची जाण एकच असली, तरी जोर काढण्याची रीत वेगळी शिकावी लागते. बॅडमिंटन खेळणाऱ्यांची एक जमेची बाजू मात्र मोठी आहे. डोक्यावरून स्मॅश मारताना दंड आत फिरवण्याची सवय त्यांना असते आणि सर्व्हिस शिकताना ती उपयोगी पडते.

रॅकेट, गटिंग आणि आपली हवा

आता दुकानातल्या उत्तरांकडे वळू. २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला टेनिसचा चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा असा नियम आहे. म्हणजे प्रत्येक आपटण्यात चेंडू आपली जवळजवळ ४५ टक्के ऊर्जा गमावतो. तारा मात्र मिळालेली बहुतेक ऊर्जा परत देतात. गटिंग ढिलं केलं की तारा जास्त दबतात, चेंडू कमी दबतो आणि ऊर्जा थोडी वाचते. म्हणून पाच-सहा पाउंड टेन्शन कमी केल्याने वेग वाढतो, पण अगदी थोडा. चेंडू मध्यावर न बसल्याने होणाऱ्या नुकसानापुढे ही कमाई नगण्य आहे. तरीही ढिलं गटिंग हाताला सुखाचं असतं, आणि हौशी खेळाडूसाठी तेवढं कारण पुरेसं आहे.

१९९७ मध्ये गुस्ताव्हो कुर्टेनने पॉलिएस्टर तारांच्या रॅकेटने फ्रेंच ओपन जिंकली आणि त्या तारा जगभर पसरल्या. जोरात स्विंग करूनही टॉपस्पिनमुळे चेंडू आत पडावा, हा त्यांचा खरा उपयोग. ज्याचा स्विंग अजून संथ आहे, त्याला त्या फक्त कडक लागतात आणि कोपराला त्रास देतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या रॅकेटवर पॉलिएस्टर चढवण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

जड रॅकेट चेंडूला जास्त वेग देते, पण ती त्याच वेगाने फिरवता आली तरच. पेलवत नसलेली रॅकेट स्विंग उशिरा आणते आणि फायदा तिथेच संपतो. आपल्या दमट हवेची गोष्टही लक्षात घ्यायला हवी. पावसाळ्यात चेंडूची लोकर ओल धरते, चेंडू जड आणि मंद होतो. असे ओले चेंडू घेऊन सराव केल्याने जोर वाढतो ही समजूत खोटी आहे. त्याने स्विंगची लय बिघडते आणि खांदा दुखावतो.

मुलांच्या बाबतीत घाई नको

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलांची. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला. त्याऐवजी लाल चेंडू सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के. कारण साधं आहे. पिवळा चेंडू आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावरून, कधी डोक्यावरून उसळतो. त्याला मारण्यासाठी मूल मागे झुकतं, ग्रिप वाकडी करतं आणि उशिरा, नुसत्या हाताने मारतं. ती सवय पुढे वर्षानुवर्षं जात नाही. लाल चेंडू त्याच मुलाला कमरेच्या उंचीवर, वेळेत भेटतो आणि साखळी आपोआप बसते.

उपनगरात मात्र ‘माझा मुलगा पिवळ्या बॉलने खेळतो’ हे अजून भूषण मानलं जातं. पालकांनी हा हट्ट सोडावा. आणि वाढत्या वयात खांद्यावर दिवसाला शेकडो सर्व्हिसचा भार टाकू नये.

कोर्ट नसतानाही

आपली खरी अडचण जागेची आहे. कोर्ट थोडी, एका कोर्टवर सहा-सात मुलं, प्रत्येकाच्या वाट्याला मोजके चेंडू, त्यात हल्ली पिकलबॉलच्या रेषा. कूपरेजच्या जी. ए. रानडे टेनिस सेंटरपर्यंत बोरिवली किंवा मुलुंडहून रोज लोकलने जाणं सगळ्यांना शक्य नाही. पण टायमिंगचा बराचसा सराव कोर्टाशिवाय होतो, आणि हीच उपनगरासाठी सर्वांत आशेची गोष्ट आहे.

आरशासमोर शॅडो स्विंग करता येतो : खांदे, कंबर, हात हा क्रम सावकाश, मग हळूहळू वेगाने. भिंतीवर खेळता येतं. फक्त भिंतीवरून चेंडू निम्म्या वेळात परततो, म्हणून लांब उभं राहावं आणि हवं तर दुसऱ्या टप्प्यावर मारावं. टिमोथी गॉलवे यांनी १९७४ च्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात सांगितलेली एक युक्ती आजही तितकीच कामाची आहे. चेंडू टप्पा घेतो तेव्हा मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचं आणि रॅकेटला लागतो तेव्हा ‘हिट’. ज्याचे शब्द मागे पडतात, त्याची नजर मागे पडते आहे हे त्याचं त्यालाच कळतं.

बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन असतं. दोन चित्रांमध्ये सुमारे ४ मिलिसेकंद, म्हणजे चेंडू तारांवर असतो साधारण तेवढाच वेळ. बाजूने काढलेल्या अशा व्हिडिओत तीनच गोष्टी पाहाव्यात : चेंडू जाळीवर असताना खांदे वळले होते का, रॅकेट मागे जाऊन थांबली का, आणि चेंडू पुढच्या पायाच्या पुढे भेटला का. कोणी दाखवून दिलं नाही तरी दोष दिसतो.

कोर्ट मिळालं की पहिली काही मिनिटं साठ-सत्तर टक्के जोरावर, मार्करबरोबर, म्हणजे क्लबच्या सरावाच्या जोडीदाराबरोबर, नॉकिंग करत, चेंडू मधोमध बसल्याचा भरीव आवाज येईपर्यंत खेळावं. तो आवाज सलग येऊ लागल्यावरच वेग वाढवावा, आणि तो हरवला की पुन्हा कमी करावा. व्यायामही हवाच, पण त्याचा रोख दंडांवर नसावा. पाय, कंबर, पाठ आणि खांद्याच्या मागचे स्नायू यांच्यावर असावा. तो व्यायाम जोर पेलायला आणि दुखापत टाळायला लागतो.

या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. फटक्यात जोर हवा असेल, तर पैसे आणि मेहनत यांचा क्रम बदला. आधी खांदे लवकर वळवायला शिका, मग चेंडू पुढे घ्यायला, मग पायांपासून क्रम लावायला. त्यानंतर वयाला साजेसा चेंडू आणि हाताला सोसणारं गटिंग. नवी रॅकेट सगळ्यांत शेवटी. कोच मंडळींनीही ‘जोरात’ हा शब्द काही महिने बाजूला ठेवावा आणि प्रत्येक चुकलेल्या फटक्याला उशीर नेमका कुठे झाला तेवढं सांगावं. एवढं केलं, तर आहे त्याच कोर्टवर, आहे त्याच रॅकेटने आपली मुलं जोरात मारू लागतील आणि त्यांचे खांदे, कोपरंही शाबूत राहतील.